पेन्टेकॉस्ट: चमत्कार जिभेचा की कानाचा?

वसईकर:
काल पेन्टेकॉस्ट, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्याचा सण. फादर लाल झग्यात, प्रवचन यंदाही ‘आत्म्याच्या सामर्थ्या’वर. पण बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय २ वाचा. यरुशलेमात सणाला पार्थी, मेदी, रोमी, अरब असे कुठकुठले लोक जमलेले, आणि गालीलकर शिष्यांचं बोलणं ज्याला त्याला आपल्याच भाषेत ऐकू आलं. देवाने सगळ्यांना एकच भाषा शिकवली नाही! आम्ही मात्र घरी कादोडी, आमची वसईची बोली, बोलतो आणि पोरांसाठी चर्चमध्ये इंग्रजी मिस्सेला जातो. आजी शेजारी बसून नुसती मान डोलावते.

अग्निजिव्हा:
दादा, अर्धाच अध्याय वाचलात. त्यात सोसाट्याचा वारा आहे, अग्नी आहे, आणि ‘हे द्राक्षारस पिऊन आलेत’ म्हणून हसणारेही आहेत. आपली भाषा नीट ऐकू आली म्हणून कुणी समोरच्याला दारुडा म्हणेल का? आमच्या सभेत लोक अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याने सुचवलेल्या, न शिकलेल्या बोलीत, प्रार्थना करतात, रडतात, तेव्हा बाकीचे असेच हसतात. वर ‘अमेरिकेचं खूळ’ म्हणतात. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये अशीच जागृती झाली १९०५ साली. लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीटची जागृती, जिथून हे खूळ आलं म्हणतात, ती त्यानंतरची, १९०६ची. एक मुलगी आगीने वेढलेली दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं तिथलं सांगतात.

वसईकर:
रमाबाईंचं नाव काढलंत ते बरं झालं. त्याच रमाबाई पुढे १९२२ मध्ये जाईपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल करत होत्या. कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून.

पाळकाची लेक:
प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो, अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच बरे. त्याच अध्यायाच्या शेवटी म्हणतो, अन्य भाषांना मनाई करू नका. तुम्ही दोघांनी पौल वाटून घेतलाय! मला खटकतं ते निराळंच. शिष्य पेत्राने त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी योएल संदेष्ट्याचं वचन काढलं: पुत्र आणि कन्या संदेश देतील. आमच्याकडे कन्या प्रवचनाला पुलपिटवर दिसते ती वर्षातून एकदा, महिला रविवारी.

अग्निजिव्हा:
आमच्याकडे बहिणी संदेश देतात हो.

पाळकाची लेक:
आणि पास्टर?

अग्निजिव्हा:
पास्टर ब्रदरच आहेत. सध्या तरी.

वसईकर:
आज आजीला विचारलं, चर्चमध्ये वाचन कादोडीत झालं तर? ती हसायलाच लागली. म्हणे, देवाला आपली बोली कुठून यायची!