चार कॉर्पोरेटर, एक भुवा – जाब विचारायचा तरी कुणाला?

दिन्या_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. जरा कावलोय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसात भुवा पडला (बाहेरगावच्यांसाठी: बडोद्यात रस्ता खालून पोकळ होऊन जे भगदाड पडतं त्याला भुवा म्हणतात, खड्डा वेगळा). अख्खी स्कूटर आत जाईल एवढा. त्याच जागी तीन वर्षांतला हा तिसरा. दर वेळी माती ओततात, वर खडी टाकतात, बॅरिकेड उचलून नेतात, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. सध्या तिथे कुणीतरी झाडाची फांदी खोचून वर लाल ओढणी बांधलीय, तीच आमची सुरक्षा व्यवस्था.

वॉर्डात कॉर्पोरेटर चार. पहिल्यांना फोन केला, ते म्हणाले तो भाग मी बघत नाही, अमुकभाई बघतात. अमुकभाई म्हणाले ड्रेनेजचं बहेन बघतात. बहेनचा फोन त्यांचे मिस्टर उचलतात आणि "हो हो, सांगतो" म्हणून ठेवतात, दोन वर्षांत बहेनचा आवाज एकदाही ऐकलेला नाही. चौथे फक्त उत्तरायणाच्या बॅनरवर दिसतात. मत मागायला मात्र चौघं एकाच जीपमधून आले होते, आईने चौघांना चहा पाजला, त्यातल्या एकाने साखर जास्त झाली म्हणून अर्धा कप ठेवून दिलेला ते पण मला आठवतंय.

तर प्रश्न असा, की पाच वर्षांनी मत देणं सोडून मधल्या काळात यांना कामाचा हिशेब मागायचा काही मार्ग आहे का? मुदत संपायच्या आत पदावरून परत बोलवता येतं का? आरटीआयचा खरंच उपयोग होतो का? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, व्हॉट्सॅप फॉरवर्ड नको.

---

मांजलपूरवाला

सोड यार. १९ वॉर्ड, प्रत्येकी चार, एकूण ७६ जण. २०२१ मध्ये त्यातले ६९ एका पक्षाचे आणि ७ दुसऱ्याचे. विरोधात बसायला माणसंच नाहीत तर तिथे प्रश्न कोण विचारणार. आपल्याकडे लोक पॅनल बघून चारही बटणं एका लायनीत दाबतात, नाव कोण वाचतंय? मग तो म्हणणारच की मला तुम्ही नाही, पक्षाने निवडून आणलं. आणि त्याचं काही चुकत नाही त्यात.

ऑगस्ट २०२४ चा पूर आठव. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी गेलं ३५ च्या वर, अर्धं शहर बुडालं. पाणी ओसरल्यावर नेतेमंडळी भेटीला आली तेव्हा लोकांनी बऱ्याच ठिकाणी त्यांना सोसायटीच्या गेटवरून परत पाठवलं. बरं वाटलं तेवढ्यापुरतं. पण पुढे? शिव्या दिल्या, व्हिडिओ फिरले, आणि नवरात्रीत त्याच लोकांना गरब्याच्या स्टेजवर बोलावून शाल घातली आमच्या इथे.

---

रिटायर्ड_काका

दिन्या, अगोदर एक गाठ सोडवून घे. आपण कॉर्पोरेटरला शिव्या देतो पण रस्ता खोदायचा, बुजवायचा, बिल काढायचा अधिकार त्याच्याकडे नाहीच. आपली महापालिका १९४९ च्या कायद्यावर चालते, तोच जुना मुंबई प्रांताचा, नुसतं नाव बदलून गुजरातचा केलाय. त्यात कारभाराची सत्ता कमिशनरच्या हातात आहे आणि तो सरकारने पाठवलेला अधिकारी. मेयर म्हणजे अडीच वर्षांचा पाहुणा, तोही कॉर्पोरेटरांनीच आपल्यातून निवडलेला. आता असं नको समजू की मग कॉर्पोरेटर रिकामा. बजेट तेच मंजूर करतात, मोठी टेंडरं १२ जणांच्या स्थायी समितीतून जातात, सभेत प्रश्न विचारायचा हक्क त्यांचा. म्हणून "भुवा का बुजवला नाही" हे वॉर्ड ऑफिसच्या इंजिनिअरला विचार आणि "तुम्ही याबद्दल कधी, कुठे, काय लिहिलंत" हे कॉर्पोरेटरला. दोन्ही प्रश्न एकाच माणसाला विचारले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो, तुझ्या चार फोनचं तेच झालं.

परत बोलवायचं म्हणशील तर आपल्याकडे मतदारांना तशी सोय नाही. मध्य प्रदेशात नगराध्यक्षासाठी केली होती, तीन चतुर्थांश नगरसेवकांनी सह्या करायच्या आणि मग लोकांनी मत द्यायचं, मतपत्रिकेवर भरी कुर्सी (म्हणजे राहू दे) आणि खाली कुर्सी (म्हणजे रिकामी, काढा). २००१ साली अनुपपूरला पहिल्यांदा खाली कुर्सी जिंकली. ऐकायला झकास आहे पण सुरुवात तिथेही नगरसेवकांच्याच हातात, तू आणि मी नुसतं ठरवून होत नाही.

आपल्या कायद्यात जे आहे ते वापर. कॉर्पोरेटर सलग तीन महिने सभांना आला नाही, आजारपण वगैरे मान्य झालेलं कारण नसेल, तर त्याचं पद जाऊ शकतं. महापालिकेच्या कंत्राटात त्याचा हिस्सा निघाला, भले आडून असेना, तरी तो अपात्र. म्हणजे हजेरी आणि कंत्राटं हे दोन कागद बघण्यासारखे. बाकी बॅनर, उद्घाटनं, कंबलवाटप यात वेळ घालवू नको.

आरटीआय २० रुपयांत होतो. पण "काम का केलं नाही" असं विचारलंस तर काही येणार नाही, कारणं नाही मागायची, कागद मागायचे. असं लिही: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वॉर्डातल्या चारही सदस्यांची सभेतली हजेरी, त्यांनी विचारलेले प्रश्न, त्यांच्या ग्रँटमधून सुचवलेली कामं, आणि आमच्या गल्लीच्या नावाने त्यांनी वॉर्ड ऑफिसला लिहिलेली पत्रं. शेवटचा मुद्दा सोडू नको. "पत्र उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर तेच तुझं उत्तर. ३० दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील तिथेच वरच्या अधिकाऱ्याकडे, त्यानंतर गांधीनगरला माहिती आयोग.

---

वाघोडियारोडची_वहिनी

काकांचं सगळं बरोबर, पण दिन्या भाऊजी, एक टोचणारं बोलू? बहेनचा फोन मिस्टर उचलतात हे लिहिलंत, तुम्ही कधी बहेनला भेटायला गेलात का? चारपैकी दोन जागा बायकांच्या असतात, आणि आपल्याकडचे पुरुष काम पडलं की सरळ तिच्या नवऱ्यालाच फोन लावतात, मग नवऱ्याला सवय लागणारच. आमच्या सोसायटीतल्या आम्ही पाच जणी थेट तिच्या घरी गेलो, सकाळी साडेनऊला, ती मेथी निवडत होती. नवरा बाहेर येऊन बोलायला लागला तर आमच्यातली एक म्हणाली भाई, आम्ही मत यांना दिलंय, तुम्ही पाणी आणा. तो खरंच पाणी आणायला गेला! नंतर बहेन जे बोलली ते ऐकून आम्ही गप्प, आमची कांस (पावसाचं पाणी नेणारा नाला) कुठून कुठे जाते, कुठे बिल्डरने तोंड दाबलंय, कोणती फाईल कुठे अडकलीय, सगळं तिला पाठ होतं. कुणी विचारलंच नव्हतं तिला.

आता भुव्याचं. आमच्याकडे रस्ता वर्षभरात खचला. आम्ही आरटीआयमध्ये नुसती कॉपी नाही मागितली, वर्क ऑर्डर आणि टेंडरची फाईल बघायला मागितली, त्या कायद्यात फाईल बघायचा आणि कामाच्या मालाचा नमुना घ्यायचा पण हक्क आहे. दोन तास बसून फाईल वाचली, त्यात डिफेक्ट लायबिलिटी लिहिलेली सापडली, म्हणजे तेवढ्या मुदतीत रस्ता बिघडला तर कंत्राटदाराने स्वतःच्या पैशाने करून द्यायचा. मुदत संपायला चार महिने बाकी होते. ते पान झेरॉक्स करून तारखेखाली लाल पेनने रेघ मारली आणि बहेनला दिलं, तिने ते लेटरहेडवर पुढे पाठवलं. दीड महिना गेला पण रस्ता झाला. दुसऱ्यांदा पैसे गेले नाहीत हे महत्त्वाचं. तुमच्या इथे तीन वर्षांत तीनदा माती ओतलीय ना, तर तीन बिलं निघाली का ते बघा आधी.

---

मांजलपूरवाला

वहिनी, मेथीचा किस्सा भारी. पण तुमची बहेन चांगली निघाली हे नशीब. आमच्या इथली स्वतः फोन उचलते आणि तरी काही होत नाही 😄

---

वाघोडियारोडची_वहिनी

मग तिचं नाव लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी चारही बटणं एका लायनीत दाबू नका. वॉर्डात चार मतं असतात, चारही एकाच पक्षाला द्यायची असा काही नियम नाही.

---

रिटायर्ड_काका

आणि एक राहिलं. तोंडी काही करू नका. चौघांना एकच पत्र, वर चौघांची नावं, खाली सोसायटीचा शिक्का, आणि आवकचा नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आमच्या काळात आवक नंबर नसलेला कागद म्हणजे भजी बांधायचा कागद. तरीही हललं नाही तर 'स्वागत' नावाचा सरकारचा तक्रार कार्यक्रम आहे, २००३ पासून चालू आहे, दर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी वरच्या पातळीवर सुनावणी असते. पण तिथे गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की खाली कधी अर्ज केला, नंबर दाखवा.

---

दिन्या_दांडियाबाजार

सगळ्यांना थँक्स. वहिनी, टोचलं पण खरं आहे, मी नवऱ्यालाच फोन करत होतो.

अपडेट देतो. काल चौघांना एकच पत्र दिलं, चार कॉप्या. पहिल्या दोघांच्या ऑफिसात पोऱ्याने घेतलं. बहेनकडे आई स्वतः आली बरोबर, बहेन घरी होत्या, पत्र पूर्ण वाचलं आणि विचारलं बाकी तिघांना पण दिलंय का. हो म्हटलं, तर हसल्या. चौथ्यांच्या घराला कुलूप होतं, दाराच्या फटीतून आत सरकवलं आणि मोबाईलवर फोटो काढला. आज सकाळी पहिल्या भाईंचा स्वतःहून फोन, "अहो तुम्ही पत्र कशाला लिहिलंत, मला सांगायचं ना". मी म्हटलं मागच्या जुलैत सांगितलं होतं. मग म्हणाले बघतो.

भुवा अजून आहे तसाच. ओढणी फाटली होती, समोरच्या काकूंनी नवीन बांधली.

काका, २० रुपये कसे भरायचे ते नाही सांगितलंत. रोख घेतात का?

---

रिटायर्ड_काका

रोख चालतात पण पावती मागून घे. नाहीतर पोस्टल ऑर्डर लाव, रावपुऱ्याच्या पोस्टात मिळेल. सुट्टे घेऊन जा. आणि तीन बिलांचा मुद्दा पहिल्या नंबरवर टाक, हजेरी खाली.