जानी, तुमच्या घरी राजकुमार कसा शिरला?

धागाकर्ता:
हिंदी सिनेमात नट पुष्कळ झाले, पण स्वतःच्याच चालीने चालत अख्ख्या सिनेमाला ताटकळत ठेवणारा राजकुमार एकच. लोरालाई, बलुचिस्तान इथे जन्मलेला हा कुलभूषण पंडित मुंबईत पोलीस सब-इन्स्पेक्टर झाला, १९५२च्या 'रंगीली'तून पडद्यावर आला आणि १९९६च्या जुलैत गेला. नोकरी सोडली, पण नजर शेवटपर्यंत चौकीतलीच राहिली असं आपलं माझं मत. हिरॉइनकडेसुद्धा लायसन मागितल्यासारखा बघायचा. आणि समोर कुणीही असो, 'जानी' ही त्याची ठरलेली हाक.

एकच अट. तो कुठल्या पार्टीत कुणाला काय बोलला, ते किस्से नकोत. ते सांगणारा प्रत्येक जण त्या पार्टीला हजर असतो, म्हणजे ती शिवाजी पार्कवरच झालेली असणार. तुमच्या घरातलं, गल्लीतलं, ऑफिसातलं लिहा.

तंबूतला प्रेक्षक:
आमच्याकडे जत्रेच्या तंबूत 'हमराज' यायचा. त्यात मधे बराच वेळ नुसते पांढरे बूट दिसतात, माणूस नाही. बूट दिसले की शिट्ट्या सुरू. बुटाला टाळी घेणारा दुसरा नट दाखवा! पुढे गावातल्या एका नवरदेवाने हट्टाने तसलेच पांढरे बूट घेतले. वरात निघाली ऐन पावसात. मांडवात मेव्हण्यांनी ते लपवलेच नाहीत, कारण हात लावायला कुणी तयार होईना.

सोलापूरची लेक:
'पाकीझा'त तो आगगाडीत झोपलेल्या मीनाकुमारीच्या पायाशी चिठ्ठी ठेवून जातो. पाय फार सुंदर आहेत, जमिनीवर टेकवू नका, मळतील. आमच्या अप्पांना ती चिठ्ठी भलतीच उपयोगी पडली. आईने नवी चप्पल मागितली की हे दोन बोटं घशाशी नेणार आणि म्हणणार, "ज़मीन पर मत उतारिएगा." एकदा आई म्हणाली, "बरं, मग धुणं तुम्हीच वाळत घाला." घातलं हो! दोरीवर लुगडं टाकतानाही ऐट तीच.

मिमिक्रीवाला:
गणपतीत मिमिक्री करायचो, म्हणून थोडं अनुभवाचं सांगतो. देव आनंद सोपा, मान डोलवली की झालं काम. राजकुमारचं वाक्य मात्र शब्दांत नसतं, मधल्या थांब्यात असतं. 'वक्त'मधलं (१९६५) ते वाक्य आठवा: "चिनॉय सेठ, जिनके अपने घर शीशे के हों, वो दूसरों पर पत्थर नहीं फेंका करते." हाक मारून झाल्यावर तो असा काही थांबतो, की चिनॉय सेठला आपलं शीशेका घर नजरेसमोर आणायला पुरेसा अवधी मिळावा. आवाज खर्जात ठेवायचा, शेवटचा शब्द ओठातून नुसता सुटू द्यायचा आणि हाताला अजिबात घाई करू द्यायची नाही.

एका मंडळात मी तो थांबा अगदी मनासारखा घेतला. "चिनॉय सेठ..." सगळं मैदान चिडीचूप. साउंडवाल्याला वाटलं वायर निघाली. तो धावत स्टेजवर आला, माझ्या हातून माईक घेतला, "हॅलो, चेक" केलं आणि परत माझ्या हातात देऊन गेला. त्या रात्रीची सगळ्यात मोठी टाळी त्यालाच.

बाकी 'हीर रांझा'ची नक्कल करायला जाऊ नका. कैफी आझमींनी सगळे संवाद पद्यात लिहिलेत आणि आमचा चाळिशी ओलांडलेला रांझा प्रेमाचं पद्यसुद्धा हुकूम सोडल्यासारखं म्हणतो. ते कुणालाच जमत नाही.

आयटीआयचा मास्तर:
'तिरंगा' (१९९३) म्हणजे आमच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडचा राष्ट्रीय चित्रपट. राजकुमार ब्रिगेडियर सूर्यदेव सिंग, नाना पाटेकर इन्स्पेक्टर वागळे आणि समोर गुंडास्वामी, म्हणजे आपले दीपक शिर्के. ऐन वेळी क्षेपणास्त्रं उडत नाहीत, कारण ब्रिगेडियरसाहेबांनी त्यांचे फ्यूज कंडक्टर आधीच काढून घेतलेले असतात. सव्वीस जानेवारीला टीव्हीवर सिनेमा लागला की नंतरच्या तासाला एक तरी पोरगा विचारतोच, "सर, फ्यूज कंडक्टर कुठे बसवतात?" फ्यूजची तार दाखवली तर तोंड पाडतो.

एकदा तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, मोटर चालू होत नसेल तर आधी काय बघशील? पोरगा ताठ मानेने म्हणाला, "फ्यूज कंडक्टर." मी डोक्याला हात लावला. परीक्षक काही क्षण गप्प, मग खर्जात म्हणाले, "जानी, पास."

नावडता:
रसभंग करतो. शेवटच्या दहाएक वर्षांत प्रत्येक सिनेमात माणूस तोच, फक्त हुद्दा बदललेला. 'मदर इंडिया' (१९५७) बघा. दगडाखाली दोन्ही हात चिरडलेला शामू. पुढे ज्या हातांवर त्याने सगळी ऐट उभी केली, ते हातच इथे नाहीत. राहतो नुसता चेहरा. सावकाराचे टोमणे गिळणारा आणि एका रात्री घर सोडून निघून जाणारा. असं काम केलेल्या माणसाने पुढे सोफ्यावर बसून धमक्या देत राहावं, याचा राग येतो.

धागाकर्ता:
राग मान्य. 'दिल एक मंदिर'ही धरा त्यात, फिल्मफेअर मिळालंय त्याला. पण धमकी द्यावी तर त्यानेच. बाकीचे ओरडतात, हा कळवतो.

सोसायटीचा सचिव:
धमकीवरून आठवलं. 'पैगाम'नंतर (१९५९) दिलीपकुमार आणि तो पुन्हा समोरासमोर आले ते थेट 'सौदागर'मध्ये (१९९१). त्यातला बंदूक-गोली-वक्तवाला संवाद आमच्या इमारतीत पाण्याच्या भांडणात वापरतात. गेल्या सभेत दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले, शाल सावरली आणि म्हणाले, "टाकी भी हमारी होगी, पंप भी हमारा होगा, और वक़्त भी हमारा होगा." टाळ्या पडल्या. खजिनदारांनी चष्म्यावरून बघितलं. "जानी, तीन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे."