मदत हवी आहे: डावा इंडिकेटर दिला की चारही लुकलुकतात

मंडळी, जुनी १०० सीसी बाईक कॅफे रेसर (जुन्या रेसिंग बाईकसारखी सुटसुटीत) करतोय. १० वॅटचे मूळ इंडिकेटर काढून बारीक एलईडी लावलेत. जुना फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा रिले) इतक्या कमी लोडवर चालेना, म्हणून एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकला. लुकलुकण्याचा वेग आता बरोबर आहे, पण स्विच कुठल्याही बाजूला टाका, चारही दिवे लागतात. बॅटरी १२ व्होल्टची, नवी आहे.

मीटरमधला पायलट बल्ब (इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा) काढला की सगळं सुतासारखं सरळ! या मीटरला दोन्ही बाजूंसाठी एकच बल्ब आहे, एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या. म्हणजे करंट त्यातून पलीकडच्या एलईडीला जाऊन अर्थ होतोय, असा माझा कयास. वायरमन म्हणतो, पायलट काढूनच टाक. पण मला तो हवाय; इंडिकेटर चालू राहिला तर कळणार कसं?

डाव्या-उजव्या वायरवर एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), दोघांची पट्टीची (कॅथोडची) टोकं एकत्र करून बल्बला, आणि बल्बचं दुसरं टोक अर्थला, हे बरोबर ना? जोड हेडलाइटच्या डूममध्ये (मागच्या वाटीत) घ्यावा की मीटरपाशी? डूममध्ये वायरींची आधीच खिचडी झालीय.

आणखी एक: मागचा उजवा मंद लागतो. चासीला पावडर कोटिंग केलंय, अर्थ तिथूनच घेतलाय. कोटिंग खरवडू की बॅटरीच्या निगेटिव्हपासून वेगळी वायर ओढू? रंगाला हात लावायचं जिवावर आलंय. कुणी केलं असेल तर फोटो टाका.