रॉन पॉल : लोकांना कळलाच नाही, की कळला म्हणूनच मतं पडली नाहीत?

पारावरचा

अर्जेंटिनात हातात चेनसॉ घेऊन प्रचार करणारा मिलेई २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. सरकार छाटा, मध्यवर्ती बँक बंद करा, हे सगळं अमेरिकेत रॉन पॉल कित्येक वर्षं सांगत होता. तेही आरडाओरडा न करता, घरातल्या आजोबांच्या सुरात. मग त्याची बोळवण कायम 'माणूस बरा आहे हो, पण...' एवढ्यावरच का झाली?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेक्सासमधल्या लेक जॅक्सनचा प्रसूतितज्ज्ञ. त्याच्याच सांगण्यानुसार चार हजारांवर बाळंतपणं केलेली. १९७६ ते २०१३, मधले खंड धरून, अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत. राज्यघटनेत ज्याला आधार नाही अशा प्रत्येक खर्चाविरुद्ध मत, म्हणून टोपणनाव 'डॉक्टर नो'. १९८८ मध्ये लिबर्टेरियन (कमीत कमी सरकार हवं म्हणणाऱ्या) पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभा राहिला, अर्धा टक्कासुद्धा मतं मिळाली नाहीत. मग २००८ आणि २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी उतरला.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याची 'चक्रम म्हातारा' ही प्रतिमा मतदारांनी नाही, माध्यमांनी बनवली. ऑगस्ट २०११ मध्ये आयोवातल्या एम्स गावात पक्षाची चाचणी मतमोजणी झाली. मिशेल बाकमन ४८२३, रॉन पॉल ४६७१. फरक दीडशेचा. त्यानंतर टीव्हीवर चर्चा कोणाची? बाकमन, रॉम्नी आणि त्याच दिवशी उमेदवारी जाहीर केलेला रिक पेरी. दुसऱ्या नंबरच्या माणसाचं नाव घ्यायला जीभ रेटेना कोणाची.

त्याआधीचं उदाहरण. १५ मे २००७, साउथ कॅरोलिनातली रिपब्लिकन इच्छुकांची वादफेरी. पॉल म्हणाला, आपण दहा वर्षं इराकवर बॉम्ब टाकतोय, तिकडे जाऊन बसलोय, म्हणून ९/११ चे हल्लेखोर आपल्यावर चालून आले. न्यूयॉर्कचा माजी महापौर जुलियानी, तोही इच्छुक, उसळला, शब्द मागे घ्या म्हणाला, सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. पॉलने शब्द मागे घेतले नाहीत. हा संपला, असं त्या रात्री ठरवून टाकण्यात आलं. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला त्याच्या समर्थकांनी एका दिवसात ऑनलाइन ४० लाख डॉलरच्या वर जमवले आणि १६ डिसेंबरला, बॉस्टन टी पार्टी या जुन्या करविरोधी बंडाची तारीख साधून, ६० लाखांच्या वर. पैसे देणारे बहुतेक किरकोळ देणगीदार. एवढी माणसं एका चक्रमाच्या नादी लागली म्हणायचं का?

हिशेबनीस

साफ असहमत. आपला उमेदवार पडला की माध्यमांना झोडपायचं, ही रीत जुनीच आहे.

मार्च २०१२ मधली व्हर्जिनियाची प्राथमिक निवडणूक बघा, पक्षाचा उमेदवार ठरवणारी. मतपत्रिकेवर दोनच नावं होती, रॉम्नी आणि पॉल. बाकीच्यांना अटी पूर्ण करता आल्या नव्हत्या. म्हणजे रॉम्नी नको असलेल्या प्रत्येकाला दुसरा पर्याय फक्त पॉल. निकाल साठ-चाळीस. इथे कोणी नाव दडवलं? समोर छापलेलं होतं.

लोकांनी त्याचा कार्यक्रम नीट वाचला, पारावरचे. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याने आराखडा मांडला: पहिल्याच वर्षी एक ट्रिलियन डॉलरची कपात, ऊर्जा, शिक्षण, वाणिज्य, गृहनिर्माण आणि अंतर्गत भूसंपत्ती अशी पाच खाती बंद, आणि अध्यक्ष म्हणून स्वतःचा पगार ३९,३३६ डॉलर, सामान्य अमेरिकन कामगाराएवढा. त्यातला पगार सगळ्यांना आवडला. पाच खात्यांपाशी आले की प्रत्येकाला आपलं काहीतरी त्यात अडकलेलं दिसायचं.

आणि डॉक्टर नो स्वतः काय करायचे? त्यांचा मतदारसंघ मेक्सिकोच्या आखाताकाठचा. तिथल्या कोळंबीवाल्यांच्या मालाला बाजार मिळावा म्हणून सरकारी निधीची मागणी त्यांनीच विधेयकात घालायची, आणि विधेयक मंजूर होणार याची खात्री असताना त्याविरुद्ध मत द्यायचं. मतदारसंघात पैसा आला, तत्त्वही शाबूत राहिलं. याला आमच्याकडे चलाखी म्हणतात.

चहाटळ

कोळंबीबद्दल एक शब्द वाईट बोललात तर मालवणहून माणसं पाठवीन. बाकी चालू द्या, जागा धरून बसलोय.

पारावरचा

@हिशेबनीस, त्यामागचा त्याचा युक्तिवादही सांगा ना. कर आधीच वसूल झालेला आहे. काँग्रेसने तो पैसा कुठे जाणार हे लिहून दिलं नाही, तर तो वाचत नाही, प्रशासन आपल्या मर्जीने खर्च करतं. मग माझ्या मतदारांचा वाटा मी का मागू नये? पटो न पटो, यात लपवाछपवी नाही. हे तो कॅमेऱ्यासमोर सांगायचा. काँग्रेसची पेन्शन त्याने घेतली नाही, हेही त्याच वहीत लिहा.

हिशेबनीस

लिहितो. आणि पुढच्या ओळीत हेही लिहितो, की सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी म्हातारपणाची पेन्शन, घटनाबाह्य आहे म्हणणारे पॉलसाहेब ती स्वतः घेत होते. २०१२ मध्ये टीव्हीवर विचारल्यावर त्यांनीच कबूल केलं.

नर्मदा

मी इथे अमेरिकेत रुग्णालयात बिलिंगचं काम करते, त्यामुळे माझ्या डोक्यात रॉन पॉल म्हटलं की एकच प्रसंग येतो. सप्टेंबर २०११, टँपाची वादफेरी. सूत्रसंचालक वुल्फ ब्लिट्झरने विचारलं: तिशीतला धडधाकट माणूस, चांगली नोकरी, पण विमा घेतलेला नाही. अचानक कोमात गेला. खर्च कोणी करायचा? पॉल म्हणाले, स्वातंत्र्य म्हणजे हेच, आपली जोखीम आपण घ्यायची. ब्लिट्झरने टोकलं, म्हणजे समाजाने त्याला मरू द्यायचं? आणि प्रेक्षकांतून एक-दोन आवाज आले, 'हो!'

आता नीट ऐका, कारण अर्धी क्लिपच फिरते. पॉल स्वतः 'नाही' म्हणाले. साठच्या दशकात मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) येण्याआधी आपण सॅन अँटोनिओच्या रुग्णालयात काम केलं, तिथून कोणालाही परत पाठवलं नाही, चर्चेस खर्च उचलायची, असं त्यांचं उत्तर होतं. माणूस निर्दय नव्हता, एवढं मान्य. त्यांच्या दवाखान्यात गरिबांना सवलत असायची म्हणतात, तेही खरं असेल.

पण त्यांच्याच २००८ च्या मोहिमेचा प्रमुख न्यूमोनियाने गेला. वय ४९. विमा नव्हता. रुग्णालयाचं बिल चार लाख डॉलरच्या घरात, आणि मित्रांना देणग्या गोळा कराव्या लागल्या. ज्या मोहिमेने एका दिवसात ६० लाख जमवले, तिच्या प्रमुखाची ही गत. मी रोज ही बिलं बघते. तीन दिवस आयसीयूत काढल्यावर येणारा आकडा कुठल्या चर्चच्या दानपेटीतून निघणार? साठ सालची वैद्यकी आणि आजची यात फरक आहे, हे डॉक्टरला सांगावं लागतं?

लोकांनी त्याला चक्रम ठरवलं नाही हो. लोकांनी स्वतःला त्या कोमातल्या माणसाच्या जागी ठेवून बघितलं.

उलटतपासणी

सगळे आर्थिक बाजूच उकरतायत. न्यूजलेटरचं काय?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत त्याच्या नावाने वार्तापत्रं निघायची. त्यांत कृष्णवर्णीयांबद्दल, विशेषतः १९९२ च्या लॉस एंजेलिस दंगलीनंतर, जे छापलंय ते इथे उतरवण्याच्या लायकीचं नाही. १९९६ च्या निवडणुकीत विचारलं तेव्हा उत्तर होतं, संदर्भ सोडून वाचताय. २००१ मध्ये उत्तर बदललं, मी लिहिलंच नाही, दुसऱ्या कोणी लिहिलं. मथळ्यावर नाव तुमचं, वर्गणी तुमच्या नावावर, आणि मजकूर वाचला नाही? जो माणूस चारशे पानांच्या विधेयकात एक ओळ घटनाबाह्य आहे म्हणून अडून बसतो, त्याने स्वतःच्या नावाचं पत्रक वाचलं नाही, हे कोणाला पटवताय?

काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्स यांना १९९९ मध्ये काँग्रेसचं सुवर्णपदक द्यायचा ठराव ४२४ विरुद्ध १ असा मंजूर झाला. तो एक म्हणजे हाच. पदकाला करदात्यांचा पैसा नको, प्रत्येकाने खिशातून शंभर डॉलर काढा, मीही काढतो, हे त्याचं कारण. एकटं घेतलं तर हे तत्त्वाला धरून आहे, मी मानतो. पण त्या वार्तापत्रांशेजारी ठेवलं की काळ्या मतदाराला काय दिसत असेल, याचा विचार करा.

पारावरचा

न्यूजलेटरचा बचाव मी करणार नाही. तो डाग आहे.

डॅलसकर

तेव्हा मी इथे एमएस करत होतो. कॅम्पसवर रॉन पॉलच्या पाट्या दिसायच्या त्या विशीतल्या पोरांच्या हातात. ७६ वर्षांच्या माणसाभोवती एवढी तरणी गर्दी बाकी कुठल्याच रिपब्लिकनकडे नव्हती. आमच्या अपार्टमेंटमधले चार मराठी जीवसुद्धा त्याच्या प्रेमात. मत कोणालाच नव्हतं, सगळे एफ-वनवाले, विद्यार्थी व्हिसावरचे. फेड, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, कसा नोटा छापतो यावर रात्री दोनपर्यंत वाद, आणि सकाळी सरकारी विद्यापीठाच्या असिस्टंटशिपवर कामाला हजर.

गंमत ही, की जन्माने मिळणारं नागरिकत्व बंद करा म्हणून ठराव आणणाऱ्यांत रॉन पॉल होता. लहान सरकारवाल्याला सीमेवर मात्र सरकार चालत होतं. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या आणि इथे मुलं झालेल्या आपल्या लोकांनी हे कधी बघितलंच नाही. आम्हाला इराकविरोध आवडला, गांजावरची बंदी उठवण्याचा मुद्दा आवडला, बाकीचं आम्ही सोडून दिलं. समोरच्या घरातला टेक्सन म्हातारा नेमकं उलट करायचा. कर आणि बंदुकीपुरता पॉल त्याला पसंत, युद्धाचा विषय निघाला की 'तेवढं सोडलं तर' म्हणायचा. पूर्ण रॉन पॉल कोणालाच नको होता.

अण्णा_वर्धा

शरद जोशींची आठवण झाली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत लाखोंच्या सभा व्हायच्या. सरकारने शेतीतून हात काढावा, हे ऐकायला माणूस बैलगाडीतून यायचा. पुढे त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. सभेतली माणसं मतपेटीपर्यंत आलीच नाहीत.

हिशेबनीस

अण्णा, जोशींच्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं त्याच्या मालाच्या भावाचं होतं. पॉलच्या पोरांना फेडने काय नुकसान केलं हे सांगायला आधी तासभर अर्थशास्त्र लागायचं. वेगळा धागा काढा, येतो तिथे.

डॅलसकर

अजून एक, मग थांबतो. २०१२ च्या उमेदवारीच्या शर्यतीत आयोवात रॉन पॉलला २१ टक्के मतं होती. तिसरा नंबर, पण पहिल्या दोघांच्या हाकेच्या अंतरावर. २०१६ मध्ये त्याच आयोवात मुलगा रँड पॉल उभा राहिला. विचार तेच, भाषा सौम्य, कोटही अंगाला बसणारा. साडेचार टक्के! बाकीची मतं कुठे गेली? केंटकीचा खासदार थॉमस मॅसी यांच्याच गोटातला. त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलं, की लोक आपल्या लिबर्टेरियन विचारांना मत देतायत असं आपण समजत होतो. ते शर्यतीतल्या सगळ्यांत माथेफिरू माणसाला मत देत होते, आणि ट्रम्प त्यात अव्वल निघाला.

म्हणजे पारावरचे म्हणतात ती 'चक्रम' प्रतिमा पॉलला भोवली नसावी. बऱ्याच जणांनी त्याला मत दिलं ते तिच्यामुळेच.

पारावरचा

मॅसीने एका मुलाखतीत वैतागून काहीतरी म्हटलं, ते सगळ्या समर्थकांच्या माथी मारू नका. तुमच्या अपार्टमेंटमधली पोरं फेडवर रात्री दोनपर्यंत वाद घालत होती, हे तुम्हीच वर लिहिलंत. आणि त्या फेडच्या हिशेबतपासणीचं त्याचं विधेयक जुलै २०१२ मध्ये सभागृहात ३२७ विरुद्ध ९८ मतांनी मंजूर झालं. ती ३२७ माणसं माथेफिरू होती?

दुसरं. कोळंबी झाली, पदक झालं, कोट झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकयुद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन सभागृहात फक्त सहा होते. त्यातला हा एक. त्यावर अजून तुमच्यापैकी एकानेही नीट लिहिलेलं नाही. हिशेबनीस, त्याचा हिशेब मांडा, मग बोलू.