वडिलांची गाडी आईच्या नावावर करायची आहे, आरसीची १५ वर्षेही संपत आलीत. आधी काय करावे?

नमस्कार मंडळी,

वडील जूनमध्ये गेले. त्यांची पेट्रोल वॅगनआर साताऱ्यात घरीच आहे, २०११ची, एमएच ११ पासिंग. गाडी आईच्या नावावर करायची असे आम्ही घरात ठरवले आहे. तिला चालवता येत नाही, पण मालकीसाठी लायसन्स लागत नाही आणि पत्ताही तोच राहतो. मी पुण्यात, बहीण बंगळुरूला. दोघांचीही हरकत नाही.

मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत वारसाच्या नावावर गाडी करायचा फॉर्म ३१ भरायचा, एवढे वाचून समजले. कळवल्याची पोच घेतली आहे. मृत्यूचा दाखला, विमा, पीयूसी जवळ आहे. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बाबांनीच बसवून घेतली होती.

आता खरी अडचण. आरसीची मुदत सप्टेंबरअखेर संपते. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदतीच्या ६० दिवस आधीपासून भरता येतो, गाडी तपासणीला न्यावी लागते, फी ५००० रुपये आणि वर पर्यावरण कर. एजंट म्हणतो, आधी बाबांच्याच नावावर पासिंग करून घ्या, नाव नंतर बदलू. मला हे अजिबात पटत नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने अर्जावर सही करायची कोणी? आणि ते मी करणारही नाही. पण नाव बदलायला वेळ लागला आणि मधेच मुदत संपली, तर आईला दवाखान्यात न्यायलासुद्धा गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. दोन्ही अर्ज एकदम घेतात का?

त्यात आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय. कर्ज केव्हाच फिटले आहे, फेडल्याचे पत्रही सापडले. पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ बँकेच्या आणि मालकाच्या सहीने जातो. मालकाच्या जागी आईची सही चालते का, की बोजा नाव बदलतानाच उतरवतात?

ऑनलाइन अर्जाचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर जातो. ते सिम मुद्दाम चालू ठेवले आहे.

वारस म्हणून नोटरीचे प्रतिज्ञापत्र पुरते की वारस दाखलाच मागतात? साताऱ्यात किंवा आसपास हे काम अलीकडे कोणी स्वतः केले असेल तर कृपया क्रम सांगा. बहिणीला सहीसाठी प्रत्यक्ष यावे लागले का, तेही लिहा, म्हणजे तिला रजा टाकायला सांगता येईल.