मदत हवी आहे: कापड रंगाईच्या सांडपाण्यासाठी अतिवाहक चुंबकाची खरोखर गरज आहे का?

नमस्कार,

इचलकरंजीतील एका प्रोसेस हाउसचा (कापड रंगवणाऱ्या कारखान्याचा) ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, मी सांभाळतो. अतिवाहक चुंबकाने (अतिथंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा चुंबक) सांडपाणी स्वच्छ करण्याचे तंत्र मालकांच्या वाचनात आले असून त्यावर मत देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तत्त्व समजले आहे. शंका आहे ती एवढ्या ताकदवान चुंबकाच्या गरजेविषयी.

पाण्यात विरघळलेला रंग चुंबकाला दाद देत नाही. म्हणून आधी मॅग्नेटाइटची (चुंबकाला चिकटणाऱ्या लोह ऑक्साइडची) बारीक भुकटी आणि तुरटी किंवा पीएसी (पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड, तुरटीसारखेच गुठळ्या करणारे रसायन) घालून रंग व भुकटीच्या एकत्र गुठळ्या करायच्या, आणि ते पाणी चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीतून सोडायचे, म्हणजे गुठळ्या तारांना चिकटतात. लोखंडी गाभ्याचा विद्युतचुंबक साधारण 2 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आसपास थकतो, तर अतिवाहक चुंबक 5 टेस्ला आणि त्याहून पुढेही जातो. परंतु मॅग्नेटाइट आणि जाळीचे स्टील ही दोन्ही 2 टेस्लाच्या आतच संपृक्त होत असतील (म्हणजे त्यांचे चुंबकत्व आणखी वाढत नसेल), तर त्यापुढे क्षेत्र वाढवून गुठळीवरील बल फारसे वाढू नये, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रेन्स येथे 1986 मध्ये केओलिन (पांढरी चिनी माती) शुद्ध करण्यासाठी असा चुंबक बसवला गेला, हे उदाहरण मला पटते, कारण त्या मातीतील लोह व टायटॅनियमयुक्त अशुद्धी मुळातच क्षीण चुंबकीय असतात आणि त्यांच्यावरील बल क्षेत्राबरोबर वाढत जाते. मात्र ओसाका विद्यापीठातील शिगेहिरो निशिजिमा यांच्या गटाने कागद कारखान्याच्या सांडपाण्यात आमच्यासारखीच चुंबकीय भुकटी मिसळून अतिवाहक चुंबक वापरला. तेथे लाभ नेमका कशातून मिळतो? मोठ्या व्यासाच्या पोकळीत एकसारखे क्षेत्र मिळाल्याने पाणी वेगाने सोडता येते म्हणून, की वेटोळ्यातील विजेची बचत होते म्हणून?

दुसरी अडचण अधिक घरची आहे. रिअॅक्टिव्ह रंग तुरटीने नीट बसत नाहीत, आणि जो रंग गुठळीतच आला नाही तो कितीही टेस्लांचा चुंबक पकडणार नाही. या रंगांसाठी कोणी मॅग्नेटाइटबरोबर वेगळे पॉलिमर किंवा सक्रिय कार्बन वापरून पाहिले आहे का? जाळीतून धुऊन काढलेल्या गाळातील मॅग्नेटाइट पुन्हा वापरण्याइतके स्वच्छ होते का, की दर वेळी नवीनच घालावे लागते? (मीठ आणि ग्लॉबर सॉल्टमुळे (सोडियम सल्फेट) येणारा टीडीएस, म्हणजे पाण्यातील विरघळलेले क्षार, याने कमी होणार नाही, हे मालकांना आधीच सांगितले आहे.)

शेवटचे, नायोबियम-टायटॅनियमचे वेटोळे सुमारे 4 केल्विन तापमानाला ठेवावे लागते. द्रव हेलियम भरत बसण्याऐवजी क्रायोकूलर (विजेवर चालणारे अतिशीतक यंत्र) घेतला, तरी आमच्याकडे वीज अधूनमधून जाते. क्रायोकूलर बंद पडल्यावर वेटोळे किती वेळ थंड राहते आणि अतिवाहकता गेल्यानंतर यंत्र पुन्हा कामाला लागेपर्यंत किती दिवस जातात, हे असे यंत्र प्रत्यक्ष चालवलेल्यांनी सांगितल्यास जनरेटरचा खर्च प्रस्तावात धरता येईल.