मदत हवी आहे : ड्रॅगन मालिकेचा शेवटचा भाग आधी वाचू द्यावा का?

माझी 9 वर्षांची लेक क्रेसिडा कॉवेल यांची 'हाऊ टु ट्रेन युअर ड्रॅगन' मालिका वाचतेय. एकूण 12 भागांपैकी 8 तिने स्वतःच इंग्रजीतून वाचले. आता भेट म्हणून थेट बारावा, 'हाऊ टु फाइट अ ड्रॅगन्स फ्युरी' (2015) हाती आलाय. 9, 10, 11 दुकानात नाहीत, लायब्ररीतही नाहीत. मागवले तरी महिनाभर लागेल. ती मात्र रोज पुस्तक उशाशी घेऊन झोपते.

मी सुरुवात चाळली. नायक हिकपची स्मृतीच गेलेली आहे, आणि ड्रॅगनच्या बंडाचं युद्ध ऐन भरात. मधलं न वाचता तिला यातलं काय कळणार? सिनेमे पाहिलेत, पण त्यांचा उपयोग नाही. पुस्तकातला हिकपचा ड्रॅगन टूथलेस एवढासा, हट्टी आणि बोलणारा. गोष्टही पार वेगळी.

आणखी एक काळजी. सातव्या-आठव्या भागापासून गोष्ट गडद होत गेलीय आणि कुणी मेलं की ती दोन दिवस गप्प असते.

तुमच्या मुलांनी शेवट वाचला असेल तर, रहस्य न फोडता, एवढंच सांगा : मधले तीन भाग मी तोंडी सांगितले तर चालेल, की थांबायलाच हवं? आणि शेवटची प्रकरणं तिच्याशेजारी बसून वाचावीत का?